डाव्या पायाचा अंगठा आणि दहा वांगी

ये वं माय, इकडे ये. अशी बाजारात उन्हातच काऊन उभी? आन् तो हात कमरेवरून काढ आधी. मले दिसत नाई असं वाटते का तुले? दोन पावलं चालली का भिंतीले टेकून राह्यली, बसताना दातओठ खाऊन राह्यली, आन् कोनं विचारलं का म्हणते, "काई नाई, गॅस झाला." कमरेत कुठं गॅस होते, बाप्पा? घरी सांगितलं नाई, डॉक्टरले दाखवलं नाई, आन् पाण्याचा गुंड मात्र रोज तूच उचलून राह्यली. बस. तशी वाकून नको, खुर्चीवर बस, पाठ टेकव. मी रागावून राह्यली याचं वाईट वाटून घेऊ नको. तू जे जे करून राह्यली ते सारं मी आधी करून चुकली.

म्हणून तर हे लिहून काढलं. मी सातवी शिकलेली. डॉक्टरी भाषा मला येत नाही आणि माझ्या मणक्याच्या फोटोत काय दिसलं ते डॉक्टरांना माहीत. पण त्या मणक्यासकट घरात कसं राहावं लागलं, ते मला माहीत आहे. तेवढंच सांगते.

एक चप्पल

आमचं वावर अल्लीपूरला, गावाला लागूनच. विहिरीला पाणी आहे म्हणून भाजीपाला करतो: वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. माल काढायचा यजमानांनी आणि सून कवितानं, मुलगा नोकरीला रोज हिंगणघाटला जातो, आणि आठवडी बाजारात बसायचं ते मी. कडुलिंबाखाली माझी जागा ठरलेली. इतक्या वर्षांत तिथं मी एक नियम कधी मोडला नाही. भाजी मोजून झाली की वरून काहीतरी घालायचंच. किलोभर वांग्यांवर दोन वांगी, मेथीच्या जुडीवर सांबाराच्या चार काड्या. काटा बरोबर ठेवला तो व्यवहार झाला, वरून घातलं ती माणुसकी. हे लक्षात ठेव. पुढे ह्याच माणुसकीनं माझा घात केला.

एका सकाळी वावरात वांग्यांचा भरलेला क्रेट उचलला. उचलताना तोंडानं कविताशी वाद चालू होता, त्यामुळे अर्धा जोर तोंडात आणि अर्धा कमरेत. कमरेत काहीतरी कट्कन झालं, वाळलेली तुराटी मोडावी तसं. मी क्रेट खाली ठेवला आणि वाद तिथंच सोडला. कविता बघतच राहिली. तिला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की काहीतरी मोठं झालं आहे.

महिनाभर मी ते लपवलं. तेल चोळलं, गरम विटेनं शेकलं, ज्यानं त्यानं दिलेल्या गोळ्या गिळल्या. कळ कमरेतून निघायची, मांडीच्या मागून उतरायची आणि डाव्या पायाच्या अंगठ्यात जाऊन बसायची. कोणी विचारलं तर मी सांगायचे, गॅस.

मग एका बाजाराच्या दिवशी घरी आले. यजमान अंगणात बसले होते. माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "अवं, दुसरी कुठं आहे?"

"कोनती दुसरी?"

"चप्पल."

मी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी. बाजारापासून घरापर्यंत डांबरी रस्त्यानं, खडीवरून मी तशीच चालत आले होते आणि मला पत्ता नव्हता. यजमान हसले, कविता हसली, मीसुद्धा हसले. मग आत गेले, बांगडीतली पिन काढली आणि अंगठ्याला टोचून पाहिली. टोचलं ते शेजारणीच्या अंगठ्याला टोचल्यासारखं वाटलं.

तेव्हा मी घाबरले. ती चप्पल पुन्हा सापडली नाही.

सात लाथा

तरी डॉक्टरकडे गेले का? नाही. आधी कुसुम आली. कुसुम म्हणजे आमच्या भिंतीपलीकडची, माझ्याच वयाची. तिला प्रत्येक दुखण्यावर एक उपाय माहीत असतो आणि तो नेहमी दुसऱ्यानं करायचा असतो.

"पायाळूची लाथ घे," ती म्हणाली. "माह्या सासूची कंबर एका दिवसात सुटली होती."

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून जे बाहेर येतं ते. त्याची लाथ बसली की कमरेची चमक जाते, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. आता पायाळू शोधायचा कुठं? तर मागून बारीक आवाज आला, "मी आहो ना पायाळू."

कविता.

तुला आमचं नातं आधी सांगायला पाहिजे. कविता वर्ध्याची, कॉलेज शिकलेली. लग्नाला सहा वर्षं झाली. बाळंतपणानंतर तिची पाठ धरली, तेव्हा ती रोज दुपारी खोलीचं दार लावून मोबाइलवरचा व्हिडिओ बघत व्यायाम करायची. त्याला पिलाटीज म्हणतात. मी दाराबाहेरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "वावरात निंदायले ये म्हणा, पोट आपोआप आत जाईन." आतून दाराची कडी जरा जोरात लागायची.

तर आता त्या सुनेनं मला लाथ मारायची होती. मी ओसरीवर पालथी पडले.

"आई, मी तुमाले लाथ कशी मारू?"

"कशी म्हणजे? पायानं मार."

"पाप लागन मले."

"मी माफ केलं ते. मार."

पहिली लाथ म्हणजे थंड पाण्यात बोट बुडवून पाहावं तशी. कुसुम ओरडली, "अवं पोरी, मच्छर मारून राह्यली का? जरा जोरानं!" दुसरी, तिसरी ठीक. चौथ्या लाथेपासून तिचा हात, म्हणजे पाय, बसला. पाचवी लागली तेव्हा मला वाटलं, ही नुसती औषधाची नाही, हिच्यात सहा वर्षांचंही थोडं काही आहे. सात मोजून झाल्या तेव्हा मला घाम फुटला होता आणि तिच्या चेहऱ्यावर मात्र चांगलं तेज आलं होतं.

यजमानांनी बाहेरून विचारलं, "बरं वाटून राह्यलं का?"

कुसुम म्हणाली, "सुनेले वाटून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला खाटेवरून उठता येईना.

अंगठ्यानं ऐकलं नाही

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी विचारलं, "याआधी काही उपचार केले का, मावशी?"

"हो. सुनेनं लाथा मारल्या. सात."

डॉक्टरांनी हळूच पेन खाली ठेवलं आणि कविताकडे पाहिलं. कविता फरशीकडे पाहू लागली.

"माझ्याच सांगण्यावरून मारल्या," मी म्हणाले. "पोरगी चांगली आहे."

मग त्यांनी मला झोपवलं. उजव्या पायाच्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवून म्हणाले, "माझं बोट ढकला, अंगठा वर करा." अंगठा टुणकन वर आला. मग डाव्यावर बोट ठेवलं.

"उचला."

"उचलला."

"उचला, मावशी."

"अहो, उचलला ना!"

"बघा बरं जरा."

मी मान वर करून पाहिलं. अंगठा होता तसाच आडवा. मी पुन्हा जोर लावला, दात आवळले, भुवया वर गेल्या, खांदे वर गेले, अंगठा सोडून सगळं वर गेलं. घरात आजवर माझं कोणी ऐकलं नाही असं झालं नव्हतं. माझ्याच पायाच्या बोटानं ऐकू नये?

डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं. मणक्यात नस दबली आहे. आधी औषधं आणि थोडा आराम, मग व्यायाम. लघवीला त्रास झाला किंवा पाय आणखी लुळा पडला तर त्याच क्षणी निघून यायचं. नाहीतर सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं. "अंगठा उठायला लागला तर ऑपरेशन टळेल. तसाच राहिला तर करावं लागेल."

म्हणजे साऱ्या देहाचा निकाल त्या एका अंगठ्यावर येऊन थांबला. जन्मभर त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. उंबऱ्याला ठेचकाळला तर शिवी दिली असेल, तेवढीच काय ती ओळख.

फोटो काढायच्या मोठ्या मशीनमध्ये जाताना अंगावरचं सगळं काढायला लावतात. बांगड्या निघाल्या, मंगळसूत्र निघालं. जोडवी निघेनात. लग्नापासून काढलीच नव्हती, बोटं त्यांच्याभोवती वाढली होती. नर्सबाईंनी साबण लावून, गोड बोलून, एकदाची ओढली. यजमानांनी ते सगळं रुमालात बांधून शर्टाच्या खिशात घातलं. मशीनमध्ये आवाज असा, की जणू मला थ्रेशरमध्ये घातलं आहे आणि दुसऱ्या टोकाला दाणे निघणार आहेत. बाहेर आले तर यजमान उभेच. सगळ्या खुर्च्या रिकाम्या, आणि हे खिशावर हात दाबून ताठ उभे, जसं झेंड्याला वंदन चाललं आहे. आमचं लग्न झाल्यापासून ह्या माणसानं मला गोड शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. पण तो खिशावरचा हात मी विसरणार नाही.

दोन दिवस ठेवून घेतलं. पहाटे झाडू, मग चहा, मग सुई, मग डॉक्टरांची फेरी, आणि प्रत्येक जण येऊन अंगठा बघून जायचा. शेजारच्या खाटेवर तळेगावची एक बाई होती, गुडघ्याची. तिच्या घरून संत्री आली होती. मला उठता येत नव्हतं तर ती पाय ओढत येऊन एकेक फोड सोलून माझ्या तोंडात घालायची. आम्ही एकमेकींना पहिल्यांदाच पाहत होतो. दवाखान्यात असे लोक भेटतात, म्हणून सांगते, जायला भिऊ नको.

देवाला टॉवेल

दहा-बारा दिवसांनी कळ कमी झाली तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी एका कागदावर पाच प्रकार लिहून दिले. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून एकदा. कवितानं कागद पाहिला आणि म्हणाली, "हे तर माह्या पिलाटीजच्या व्हिडिओत आहे." मॅडमनी तिच्या मोबाइलवर तो व्हिडिओ पाहिला आणि सांगितलं, पहिली वीस मिनिटं चालतील, त्यापुढचं अजिबात नाही. हे नीट ऐक हं. विचारल्याशिवाय कोणाचा व्हिडिओ बघून सुरू करू नको. माझी कंबर वेगळी, तुझी वेगळी.

घरी आले तर पहिला प्रश्न कपड्यांचा. साडीत पाय वर करायचे कसे? कवितानं तिची सलवार दिली. साठी उलटून गेलेल्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा सलवार घातली. यजमानांनी एकदा पाहिलं, पेपर तोंडासमोर धरला आणि पेपराआडून म्हणाले, "पाह्यताना पयलवान वाटते."

दुसरा प्रश्न देवाचा. कवितानं व्हिडिओ टीव्हीवर लावून दिला, पण आमचा टीव्ही आणि देव्हारा एकाच भिंतीला. टीव्हीकडे पाय केले की देवाला पाय लागल्यासारखं होतं. म्हणून मी डोकं टीव्हीकडे करून झोपले आणि मान मागे मोडून उलटं बघत व्यायाम केला. टीव्हीतली बाई मला छताला लटकलेली दिसायची. ती उजवा पाय म्हणायची, मी डावा उचलायचे. दोन दिवसांत कमरेसोबत मानही धरली.

शेवटी यजमान म्हणाले, "देवाले टॉवेल टाक ना वीस मिनिटं. थेही आराम करन." तेव्हापासून व्यायामाच्या आधी देव्हाऱ्यावर धुतलेला टॉवेल. एकदा यजमान अंघोळ करून आले आणि सवयीनं टॉवेललाच फूल वाहून गेले.

आणि ती टीव्हीतली पोरगी! शेवग्याच्या शेंगेसारखी, हिंदीत बोलणारी, आणि सारखी हसणारी. म्हणायची, बेंबी पाठीच्या कण्याकडे ओढा. अगं माय, तुझी बेंबी आणि कणा शेजारी शेजारी आहेत. माझ्या बेंबीला तिथपर्यंत जायचं म्हणजे मुक्काम करावा लागेल. पाठीवर पडून गुडघे मोडून कंबर उचलायची, हा एक प्रकार. ढोरासारखं चार पायांवर उभं राहून एक हात आणि उलटा पाय लांब करायचा, हा दुसरा. श्वास सोडताना उचलायचं. माझा श्वास तर बोलण्यात खर्च व्हायचा. मी तिला विचारायचे, "जेवली का? तुही माय काई देते का नाई खायले?"

कविता म्हणायची, "आई, तिले ऐकू येत नाई. तोंड बंद, श्वास बाहेर."

सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं मला गप्प केलं, आणि तेही डॉक्टरी कारणानं. ती एक लहानशी मौज तिनं मनापासून घेतली. मीही घेऊ दिली. ज्या व्यायामाला दाराबाहेर उभी राहून मी टोमणे मारले होते, तोच करत तिच्याच चटईवर, तिच्याच सलवारीत पडले होते. आणखी काय बोलणार?

इकडे बाजारात माझ्या जागी यजमान बसत होते. काटा बरोबर, पण वरून एक काडी नाही. बायका विचारायच्या, "मावशी कवा येते?" हे म्हणायचे, "काटा बरोबर आहे ना? मंग?" बायका पुढच्या पालाकडे वळायच्या. हे ऐकून मला कमरेपेक्षा जास्त दुखायचं. मला त्या कडुलिंबाखाली परत जायचं होतं. ऑपरेशन झालं तर पुन्हा क्रेट, टोपली, तासन्‌तास बसणं कधी जमेल कोण जाणे, हीच भीती होती.

व्यायामाच्या दुसऱ्या आठवड्यात अंगठा हलला. थोडासा, तुरीच्या दाण्याइतका. मी ओरडले. कविता पिठाच्या हातानं धावत आली, कुसुम भिंतीवरून डोकावली. अंगठ्यानं सगळ्यांसमोर पुन्हा एकदा करून दाखवलं. यजमान म्हणाले, "हाव, हलला." त्यांच्या तोंडून हे म्हणजे ढोलताशेच.

वरून दोन

आता चूक सांगते. ही चूक फक्त माझ्यासारखी भाजीवालीच करू शकते.

कागदावर लिहिलं होतं दहा. पण दहा म्हणजे दहाच, हा तर नुसता काटा झाला. वरून काही नको का? मी दहा झाल्यावर वरून दोन करायला लागले. अंगठा हलल्यावर तर चेवच आला. डावा पाय कमजोर, म्हणून दोन त्याच्या नावानं. कुसुम बघायला यायची, तर दोन तिच्याकडून. देव बिचारा टॉवेलखाली बसून राहतो, तर दोन देवाचे. कविता व्हिडिओ लावून भाकरी टाकायला आत जायची. टीव्हीतली पोरगी दहानंतर पुढच्या प्रकाराला लागायची, पण रिमोटचं थांबवायचं बटण मला सापडलं होतं. ती पाय वर करून, हसत, तशीच थांबायची आणि मी माझं वरचं आटोपून घ्यायचे.

आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी सकाळी उठायला गेले आणि कंबर ते अंगठा अशी वीज गेली की डोळ्यांपुढे अंधार. अंगठा पुन्हा मेल्यासारखा आडवा.

लगेच गाडी करून वर्ध्याला गेलो. मॅडमनी तपासलं. विचारलं, "किती वेळा करत होता, काकू?"

"दहा, मॅडम," कविता म्हणाली. "मीच लावून देतो रोज."

मी छताच्या पंख्याकडे पाहत होते.

"काकू?"

"दहाच," मी म्हणाले. "आन् वरून दोन."

"वरून म्हणजे?"

मग सगळं सांगावं लागलं. त्या दोनांशिवाय पायाचे दोन, कुसुमचे दोन, देवाचे दोन. मॅडमनी बोटांवर मोजलं. "म्हणजे अठरा." त्यांनी हसू दाबलं, पण नंतर चेहरा गंभीर केला. नस पुन्हा चिडली आहे. चार-पाच दिवस पूर्ण थांबायचं, मग पुन्हा हळूहळू. सहा आठवड्यांची मुदत मात्र तीच.

बाहेर बाकावर बसलो. मी म्हणाले, "जास्त केलं म्हनून बिघडते का कुठं? मी तर चांगल्यासाठीच..."

कविता माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला होता. आजूबाजूचे लोक बघू लागले.

"आई, वांग्याले पाणी तुमी वरून देता का?"

"नाई."

"काऊन नाई? वांग्यावर माया नाई का तुमची?"

"अवं, मूळ सडते त्यानं..."

"मंग सोताचं मूळ काऊन सडवून राह्यल्या?"

आणि ती एकदम रडायलाच लागली. "मले रोज वाटते का माह्या लाथेनंच झालं हे. सगळे हासतात, तुमीबी हासता. मले नाई हासू येत. तुमचा अंगठा नाई उठला तर मी कुठं तोंड दाखवू?"

बघ, एवढे दिवस ही पोरगी माझ्यासाठी व्हिडिओ लावत होती, टॉवेल टाकत होती, आणि मनात हे घेऊन फिरत होती. मला वाटलं होतं ती मजा घेते आहे. मी तिचा हात धरला. म्हटलं, "येडी, लाथ मी मागितली. क्रेट मी उचलला. महिनाभर लपवलं मी." आणखी म्हटलं, "आन् थे दाराबाहेरून बोलत होती ना मी, तुह्या व्यायामाले... थे चुकलं माहं."

तिनं डोळे पुसले. "सात वेळा म्हणा."

"काय?"

"चुकलं म्हणून. सात वेळा."

मी म्हटलं. मोजून सात. तिथंच बाकावर, सगळ्यांसमोर. वरून एकही नाही.

रिकामी टोपली

पुन्हा सुरुवात केली तेव्हा कविता एक लहान टोपली घेऊन आली. तिच्यात मोजून दहा वांगी. टोपली माझ्या उजव्या हाताला ठेवली आणि रिमोट स्वतःच्या ओच्यात खोचला. एकदा कंबर उचलली की एक वांगं बाहेर. टोपली रिकामी झाली की थांबायचं.

"वांगं उरलं नाई तर वरून कुठून घालसान तुमी?" ती म्हणाली.

पहिल्या दिवशी माझा हात रिकाम्या टोपलीत जाऊन चाचपडला. काही नव्हतं. हात परत आणला. तुला सांगते, व्यायामातला सगळ्यात कठीण प्रकार तोच होता. टीव्हीतल्या पोरीला तो माहीत नाही.

ती दहा वांगी नंतर भाजीत जायची. आम्ही इतके दिवस लागोपाठ वांगं खाल्लं की यजमान म्हणाले, "आता भेंडीनं व्यायाम करा."

सहा आठवडे भरले त्या दिवशी डॉक्टरांपुढे पुन्हा झोपले. एका बाजूला यजमान, एका बाजूला कविता. जोडवी आता सैल करून घातली होती. डॉक्टरांनी डाव्या अंगठ्यावर बोट ठेवलं. खोलीत इतकी शांतता, की बाहेरचा कंपाउंडर ओरडला तो मला ओरडल्यासारखा वाटला.

"उचला."

मी श्वास सोडला. बेंबी कण्याकडे पाठवली, जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत. आणि अंगठ्याला मनात म्हटलं, ऊठ रे बाबा, एकदाच, वरून काही मागत नाही.

डॉक्टरांचं बोट हललं.

"पुन्हा."

पुन्हा हललं. उजव्यासारखं टुणकन नव्हे. म्हाताऱ्या बैलासारखं, रमतगमत, पण उठलं. डॉक्टर म्हणाले, पूर्ण ताकद यायला वेळ लागेल, कदाचित सगळी येणारही नाही, पण ऑपरेशनचं आता बोलायला नको. तीन महिन्यांनी दाखवा. व्यायाम चालू ठेवा.

कवितानं विचारलं, "किती वेळा, सर? त्याईच्या तोंडावर सांगा."

"दहा," डॉक्टर म्हणाले. "दहाच."

यजमानांचा हात खिशावर गेला, जोडवी तिथं नसतानाही.

आता बाजारात बसते. खाली नाही, खुर्चीवर. टोपली मी उचलत नाही, आणि लाज वाटत नाही. बायका आल्या, म्हणाल्या, "मावशी, आली का!" मी पहिल्याच गिऱ्हाइणीला किलोवर तीन वांगी जास्त घातली. व्यायामातलं वाचलेलं तिथं खपवते आहे. कुसुमही आता दुपारी सतरंजी घेऊन येते. तिच्या सुनेची तक्रार आहे की सासू दाराबाहेरून टोमणे मारते. मी कुसुमला सांगितलं आहे, सात वेळा म्हणावं लागेल, तयारी ठेव.

तर अशी गोष्ट. आता तू उद्याच डॉक्टरकडे जाजो. कोनाची लाथ खाऊ नको. घरी खरं सांगजो, गॅस म्हणू नको. दाखवून झालं, त्याईनं हो म्हटलं, का मंग इकडे येजो. लवकर येजो, वांग्याचा बहर आहे तोवर. सतरंजी आणजो, सलवार कविता देईन. दहा वांगी तुह्यासाठी वेगळी काढून ठेवतो, आन् जाताना पिशवीत वरून दोन टाकीन. घर सापडायले सोपं आहे. बाजारातून सरळ ये, ओसरीच्या पायरीवर पाहजो. तिथं माह्या चपला दिसतीन. दोन्ही.